खोलीचा कोपरा वाजवणारा माणूस

आज घरी किंवा हॉस्टेलवर गेलात की एक साधा प्रयोग करा. तुमचा ब्लूटूथ स्पीकर खोलीच्या मधोमध एखाद्या स्टुलावर ठेवा आणि बास ठसठशीत असलेलं एखादं गाणं लावा. अर्धा मिनिट नीट ऐका. मग व्हॉल्यूमला हात न लावता तोच स्पीकर भिंतीला टेकवून जमिनीवर ठेवा. परत ऐका. शेवटी त्याला दोन भिंती आणि फरशी जिथे भेटतात त्या कोपऱ्यात सरकवा. गाणं तेच, स्पीकर तोच, बॅटरीही तीच. पण बास चांगलाच वाढलेला असेल.

हा जास्तीचा बास आला कुठून? तो खोलीनं दिला. मधोमध असताना स्पीकरचा आवाज चहूबाजूंना पसरत होता. कोपऱ्यात तीन बाजू बंद झाल्या, त्यामुळे सगळा आवाज उरलेल्या जागेत आला. तुम्हाला आत्ता पाच मिनिटांत कळलेल्या या गोष्टीमागे एक माणूस साठ वर्षं लागला होता. त्याचं नाव पॉल विल्बर क्लिप्श. घरच्या घरी खरा, खोल आणि स्वच्छ बास ऐकता यावा म्हणून त्यानं जो स्पीकर बांधला, तो १९४६ पासून आजपर्यंत बनतोय. तुमच्या हातातला मोबाइल तीन वर्षांत जुना होतो, म्हणून ही गोष्ट सांगावीशी वाटली.

मोबाइल सोडा, त्याच्या लहानपणी घरोघरी रेडिओसुद्धा नव्हता.

बाराव्या वर्षी वडील गेले

पॉलचा जन्म ९ मार्च १९०४ चा, अमेरिकेतल्या इंडियाना राज्यातल्या एल्कहार्टचा. वडील पर्ड्यू विद्यापीठात मेकॅनिकल इंजिनिअरिंग शिकवायचे. म्हणजे घरात हत्यारं, आकृत्या आणि यंत्रांच्या गप्पा. पण पॉल बारा वर्षांचा असताना वडील गेले. पुढे आईबरोबर तो टेक्सासमधल्या एल पासोला आला आणि तिथल्या शाळेत शिकला. पंधरा-सोळाव्या वर्षी त्यानं स्वतःच्या हातानं रेडिओ बनवला. तेव्हा अमेरिकेत लोकांसाठी नियमित रेडिओ प्रसारण सुरूही व्हायचं होतं. म्हणजे ऐकायला काही नसताना पोरानं ऐकायचं यंत्र तयार ठेवलं होतं!

कॉलेज होतं शेजारच्या न्यू मेक्सिको राज्यातलं, शेती आणि यंत्रविद्येचं साधंसुधं सरकारी कॉलेज. तिथून १९२६ साली तो इलेक्ट्रिकल इंजिनिअर झाला. कॉलेजच्या बँडमध्ये तो कॉर्नेट वाजवायचा. कॉर्नेट हे ट्रम्पेटचं बुटकं भावंड. ही गोष्ट लक्षात ठेवा, कारण पितळी वाद्य फुंकणाऱ्या माणसाला एक गोष्ट पुस्तकाआधी ओठांना कळते: नळीच्या एका टोकाला केलेली बारीकशी थरथर, ती नळी रुंदावत गेली की मैदानभर ऐकू जाते. आपल्याकडे तुतारी वाजवणाऱ्यालाही हे माहीत असतं.

आता जरा त्याच्या बायोडेटाकडे बघा. आधी जनरल इलेक्ट्रिक कंपनीत रेडिओच्या कामावर. मग १९२८ मध्ये थेट दक्षिण अमेरिकेत, चिलीमध्ये. तिथे नायट्रेटच्या खाणी चालवणाऱ्या कंपनीत विजेवर चालणाऱ्या रेल्वे इंजिनांची देखभाल करायची. तीन वर्षं वाळवंटात. परत येऊन स्टॅनफर्ड विद्यापीठात पुढचं शिक्षण, ते १९३४ मध्ये संपलं. मग टेक्सासमध्ये तेलाच्या शोधात जमिनीखालचे थर तपासणारा भूभौतिकतज्ज्ञ. मग दुसऱ्या महायुद्धात सैन्यात, तोफगोळ्यांच्या चाचणीवर. चाळिशी आली तरी गडी एका जागी ठरलेला नाही. आपल्याकडच्या एखाद्या काकांनी हे ऐकलं असतं तर मुलगा वाया गेला असंच म्हटलं असतं.

पण या सगळ्या नोकऱ्यांत एक छंद सतत त्याच्याबरोबर होता. घरी बसून संगीत ऐकताना ते खरं का वाटत नाही, हा प्रश्न त्याला सोडत नव्हता.

बास इतका अवघड का?

हा प्रश्न समजून घ्यायचा तर थोडं फिजिक्स लागेल. घाबरू नका, बारावीच्या पुढचं नाही.

आवाजाचा वेग सेकंदाला साधारण ३४३ मीटर. बास गिटारच्या सर्वात जाड तारेचा सूर ४१ हर्ट्झचा. भागाकार केला की त्या सुराची तरंगलांबी येते आठ मीटरच्या थोडी वर. म्हणजे तुमच्या खोलीपेक्षा तो सूर लांब आहे! उलट झांजेचा चरचरीत आवाज काही सेंटिमीटरांचा. म्हणून झांज ऐकवायला बोटाएवढा स्पीकर पुरतो आणि बास ऐकवायला पुरत नाही.

दुसरी अडचण. स्पीकरचा कागदी पडदा पुढेमागे हलून हवा ढकलतो. तेवढाच मोठा आवाज ठेवून सूर एका सप्तकानं खाली न्यायचा असेल, तर पडद्याला चौपट हलावं लागतं. दोन सप्तकं खाली न्यायचं तर सोळा पट. पडदा इतका हेलकावे खायला लागला की तो सरळ रेषेत हलत नाही, आणि आवाज गढूळ होतो. शिवाय हवा फार हलकी आणि पडदा तिच्या मानानं जड. हात हवेत हलवून बघा, काहीच विरोध जाणवत नाही. म्हणून साध्या स्पीकरला दिलेल्या विजेतला जेमतेम एक टक्का आवाज होऊन बाहेर येतो, बाकीची उष्णता होते.

यावर जुना उपाय म्हणजे हॉर्न. गाडीचा भोंगा नव्हे, ग्रामोफोनचा कर्णा. अरुंद गळा, हळूहळू रुंदावत जाणारी नळी आणि मोठं तोंड. सायकलच्या गिअरसारखंच हे काम आहे. अरुंद गळ्यात कोंडलेली हवा पडद्याला टणक लागते, त्यामुळे पडद्याला जोर लावायला काहीतरी मिळतं. तो जोर हळूहळू मोठ्या तोंडापर्यंत पोचतो. पडदा थोडाच हलतो, पण विजेचा कितीतरी मोठा वाटा आवाज बनतो. एका टक्क्याऐवजी दहा टक्के, कधी त्याहूनही जास्त.

मग प्रत्येक घरात कर्णा का नाही? हिशेब करू. ४० हर्ट्झपर्यंत उतरणारा कर्णा मोकळ्या जागेत टांगायचा असेल, तर ढोबळ नियम असा की तोंडाचा घेर एका तरंगलांबीइतका हवा. म्हणजे तोंडाचा व्यास साधारण २.७ मीटर! नळीही भराभर रुंदावून चालत नाही. दर ४७ सेंटिमीटरला तिचं क्षेत्रफळ दुप्पट, एवढाच वेग ठेवावा लागतो. गळा ५०० चौरस सेंटिमीटरचा धरला तर लांबी सव्वातीन मीटर होते. असली धूडं तेव्हा सिनेमा थिएटरांत पडद्यामागे असायची. घरात ती आणायची म्हणजे माणसांनी बाहेर झोपायचं.

आठवा भाग

क्लिप्शचं सगळं आयुष्य ज्या कल्पनेवर उभं आहे ती इथे येते. तीन आरसे एकमेकांना काटकोनात जोडून एक कोपरा बनवा आणि त्यात मेणबत्ती ठेवा. तुम्हाला आठ मेणबत्त्या दिसतील. एक खरी, सात प्रतिबिंबं. आवाजासाठी दोन भिंती आणि फरशी हे असेच तीन आरसे. मग अख्खा कर्णा बांधायचाच कशाला? त्याचा आठवा भाग बांधा आणि कोपऱ्यात बसवा. उरलेले सात भाग भिंती भरून काढतील.

परत तोच हिशेब करा. मोकळ्या जागेत तोंडाचं क्षेत्रफळ जवळपास ६ चौरस मीटर लागत होतं. कोपऱ्यात पाऊण चौरस मीटरच्या आत भागतं. लांबीही सव्वातीन मीटरवरून दोन मीटरच्या आत येते. आणि ही नळी सरळ ठेवायची गरज नाही. घडी घालून लाकडी कपाटात कोंबता येते, कारण एवढ्या लांब तरंगांना वळणं जाणवत नाहीत. क्लिप्शनं गोलाईऐवजी सरळ फळ्या तिरक्या लावून तो रुंदावणारा रस्ता तयार केला. कपाटाच्या दोन्ही बाजूंनी आवाज बाहेर पडतो आणि शेवटचा टप्पा चक्क तुमच्या घराच्या भिंती पूर्ण करतात. म्हणजे घर हाच स्पीकरचा एक भाग.

कोपऱ्याचा उपयोग करणारा तो एकटाच नव्हता, हेही सांगायला हवं. इंग्लंडमध्ये पॉल व्होइट नावाचा इंजिनिअर तीसच्या दशकातच घरगुती कोपरा-हॉर्न बनवत होता. पण बासचा कर्णा इतका आवळून, घडी घालून, भिंतींना त्यात सामील करून घेणं हे क्लिप्शचं काम. १९४१ मध्ये अकूस्टिकल सोसायटी ऑफ अमेरिकेच्या जर्नलमध्ये त्याचा लहान आकाराच्या बास हॉर्नवरचा निबंध छापून आला. पेटंटही मिळालं.

युद्धात त्याची नेमणूक झाली आर्कान्सा राज्यातल्या होप नावाच्या छोट्या गावाजवळच्या तोफखाना चाचणी केंद्रावर. दिवसा तोफगोळे, संध्याकाळी संगीत. त्याच्या खोलीत येणारे अधिकारी कोपऱ्यातल्या त्या कपाटातून निघणारा आवाज ऐकून चकित व्हायचे. हे विकायला काढ, असा त्यांचा आग्रह. युद्ध संपलं. तेलाच्या धंद्यात परत गेला असता तर चांगला पगार होता. त्याऐवजी १९४६ मध्ये, वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी, त्यानं होपमध्येच एका पत्र्याच्या शेडमध्ये कंपनी काढली. पहिला नोकर ठेवायला आणखी दोन वर्षं गेली. तोवर मालक, इंजिनिअर, सुतार सगळं तोच. योगायोग बघा, त्याच वर्षी त्याच गावात एक बाळ जन्मलं, जे पुढे अमेरिकेचं राष्ट्राध्यक्ष झालं: बिल क्लिंटन.

स्पीकरचं नाव क्लिप्शॉर्न. उंची सव्वाचार फुटांच्या आसपास. एका वॅटला एक मीटरवर साधारण १०५ डेसिबल आवाज. आजचा चांगला घरगुती स्पीकर ८८ च्या आसपास असतो. हा १७ डेसिबलचा फरक म्हणजे विजेत पन्नास पटींचा फरक! तेव्हाचे व्हॉल्व्हचे ॲम्प्लिफायर दहा-पंधरा वॅटचे आणि महाग. त्या काळात हे वरदानच होतं. पण क्लिप्शला नुसता मोठा आवाज नको होता. त्याचा खरा मुद्दा असा होता की पडदा जितका कमी हलेल तितका आवाज स्वच्छ. बाससाठी हेलकावे खाणारा पडदा त्याच वेळी वरचे सूरही वाजवत असेल, तर ते सूर त्या हेलकाव्यांबरोबर डळमळतात. जवळ येणाऱ्या आणि दूर जाणाऱ्या ॲम्ब्युलन्सचा सूर बदलतो तसंच काहीसं. या दोषावर तो आयुष्यभर मोजमापं करत राहिला आणि लिहीत राहिला.

पाखंड

इथवर गोष्ट छान चालली होती. आता वळण येतं.

१९५४ मध्ये एडगर विल्चर आणि हेन्री क्लॉस या दोघांनी मॅसॅच्युसेट्समध्ये अकूस्टिक रिसर्च ही कंपनी काढली. त्यांचा स्पीकर म्हणजे पुस्तकांच्या फळीवर बसेल असा हवाबंद डबा. आतली कोंडलेली हवाच पडद्याला स्प्रिंगसारखी आधार देणार. एवढ्याशा डब्यातून खोल बास निघायला लागला. किंमत एकच: वीज खूप खायचा. पण ॲम्प्लिफायर दिवसेंदिवस स्वस्त आणि ताकदवान होत होते, तेव्हा विजेची कोणाला पर्वा?

मग १९५८ मध्ये स्टिरिओ रेकॉर्ड बाजारात आल्या. आता एक नाही, दोन स्पीकर हवेत. क्लिप्शॉर्नला एकाच भिंतीचे दोन मोकळे कोपरे लागणार. तुमच्या हॉलमध्ये बघा बरं किती आहेत. एका कोपऱ्यात दार, दुसऱ्यात फ्रिज किंवा देव्हारा. अमेरिकेतल्या घरांचीही तीच रड. जग छोट्या डब्याकडे वळलं.

स्पीकर बनवणारे इंजिनिअर एक नियम सांगतात. छोटा डबा, खोल बास आणि कमी विजेत मोठा आवाज, या तीनपैकी कुठल्याही दोनच गोष्टी मिळतात. विल्चरनं पहिल्या दोन घेतल्या. क्लिप्शनं शेवटच्या दोन. दोघंही प्रामाणिक होते. फसवतो तो, जो तिन्ही देतो म्हणतो.

क्लिप्श हट्टी होता, पण डोळे मिटलेला नव्हता. कोपऱ्यांतल्या दोन स्पीकरमध्ये अंतर फार पडतं, मधली जागा रिकामी वाटते, हे त्याला स्वतःला ऐकू येत होतं. त्यावर त्याचा उपाय होता मधे तिसरा स्पीकर. पण मधल्या स्पीकरला कोपरा कुठून आणायचा? मग १९५७ मध्ये त्यानं एक छोटा स्पीकर बनवला. त्यात वरच्या सुरांना हॉर्न होता, पण बास मात्र साध्या बंद डब्यातला. ज्यानं जन्मभर बास हॉर्नचा प्रचार केला त्यानंच हे करावं? त्याच्याच एका माणसानं हे ऐकून याला पाखंड म्हटलं. क्लिप्शनं रागावण्याऐवजी स्पीकरचं नावच ठेवलं हेरसी, म्हणजे पाखंड! तो मॉडेल आजही मिळतो. स्वतःच्या सिद्धांताला कुठे मुरड घालावी लागली हे लपवण्याऐवजी त्यानं ते डब्यावर छापलं.

दुसऱ्यांच्या दाव्यांना मात्र तो अशी सूट द्यायचा नाही. त्याच्या कोटाच्या कॉलरखाली एक पिवळा बिल्ला लावलेला असायचा. त्यावर एकच शब्द होता, घरात मोठ्यांसमोर उच्चारता येणार नाही असा. अर्थ एवढाच की या थापा आहेत. समोरचा कोणी मोजमापाशिवाय मोठमोठे दावे करायला लागला की क्लिप्श शांतपणे कॉलर उलटी करायचा. आपल्याकडे छोट्याशा डब्यावर हजारो वॅट पीएमपीओ असं मोठ्या अक्षरांत छापलेलं तुम्ही पाहिलं असेल. या पीएमपीओला कुठलाही ठरलेला मोजमापाचा नियम नाही. पुढच्या वेळी दुकानात ते दिसलं की तो पिवळा बिल्ला आठवा.

कोपऱ्याची किंमत

क्लिप्शनं दिलेलं उत्तर फुकट नव्हतं, हेही तुम्हाला माहीत असायला हवं. खोलीचे स्वतःचे सूर असतात. १० बाय १२ फुटांची खोली घ्या. तिच्या दोन बाजूंच्या मापानुसार साधारण ५६ आणि ४७ हर्ट्झला ती घुमते. कोपऱ्यात ठेवलेला स्पीकर हे सगळे सूर एकदम जागे करतो. त्यामुळे लहान खोलीत काही स्वर फुगतात, काही गायब होतात. बास भरपूर, पण सारखा नाही. शिवाय भिंती भक्कम हव्यात. लाकडी चौकटीवर पातळ बोर्ड ठोकलेली भिंत स्वतःच थरथरते आणि बासची ताकद खाऊन टाकते. या बाबतीत आपली विटांची, काँक्रीटची घरं कितीतरी बरी.

तिसरी गोष्ट वेळेची. बासचा आवाज घडी घातलेल्या नळीतून लांबचा रस्ता चालून येतो, त्यामुळे वरच्या सुरांच्या मानानं काही मिलिसेकंद उशिरा पोचतो. कानाला ते कळत नाही असं क्लिप्शचं मत होतं, आणि यावर हौशी मंडळींचे वाद अजून संपलेले नाहीत.

आज या तिन्ही अडचणींवर एक नवं हत्यार आहे. जुन्या स्पीकरमध्ये एकच ॲम्प्लिफायर असायचा आणि आवाजाची बास-ट्रेबल अशी वाटणी त्याच्यानंतर, स्पीकरच्या डब्यात व्हायची. ॲक्टिव्ह पद्धतीत वाटणी आधी होते आणि प्रत्येक भागाला स्वतंत्र ॲम्प्लिफायर मिळतो. वाटणी करणारा छोटा कॉम्प्युटर असेल, तर तो वरचे सूर मुद्दाम काही मिलिसेकंद थांबवून बासला गाठू देतो. खोलीत फुगणारे स्वर बऱ्यापैकी दाबतो.

पण एक गोष्ट तोही करू शकत नाही. प्रत्येक कर्ण्याला खालची एक मर्यादा असते. त्या मर्यादेखाली कर्णा पडद्याला आधार देणं सोडतो. तिथे नुसती वीज वाढवली तर पडदा मोकाट हलतो आणि फाटतो. म्हणून ॲक्टिव्ह हॉर्नमध्ये सगळ्यात आधी त्या मर्यादेखालचे सूर कापायचे असतात. कॉम्प्युटर आला तरी आठ मीटरचा तरंग आठ मीटरचाच राहतो.

क्लिप्शनं हे नवं जग थोडंफार पाहिलं. १९८९ मध्ये कंपनी त्याच्या नात्यातल्या फ्रेड क्लिप्शकडे गेली, पण म्हातारा होपमध्येच राहिला आणि काम करत राहिला. रॉय डेलगाडो या तरुण इंजिनिअरला हाताशी धरून त्यानं आपल्याच बास हॉर्नची नव्यानं मांडणी केली. २००० साली दोघांचा निबंध ऑडिओ इंजिनिअरिंग सोसायटीच्या जर्नलमध्ये आला. विषय तोच, १९४१ चा: लहान आकाराचा बास हॉर्न. तेव्हा क्लिप्शचं वय होतं शहाण्णव. स्वतःचं एकोणसाठ वर्षं जुनं उत्तर परत तपासायला घेतलं, कारण ते अजून सुधारता येईल असं त्याला वाटत होतं. त्या कामातून जुबिली नावाचा स्पीकर आला. त्याची घरगुती आवृत्ती अलीकडे बाजारात आली आणि ती ॲक्टिव्ह आहे. तिला कोपरा लागत नाही. पण कपाट मात्र अजूनही कपाटाएवढंच आहे!

५ मे २००२ रोजी होपमध्येच पॉल क्लिप्श गेला. वय अठ्ठ्याण्णव. ज्या साध्या कॉलेजात तो शिकला ते आता न्यू मेक्सिको स्टेट युनिव्हर्सिटी आहे आणि तिथल्या इलेक्ट्रिकल आणि कॉम्प्युटर इंजिनिअरिंग विभागाला त्याचं नाव आहे. होपमध्ये त्याच्या नावाचं संग्रहालयही आहे.

तुमच्यापैकी कितीतरी जणांना आत्ता वाटत असेल की आपलं काही ठरलेलं नाही. ब्रँच एक, आवड दुसरी, नोकरी तिसरीच मिळणार. चाळिशीपर्यंत क्लिप्शचंही तसंच चाललं होतं. रेल्वे इंजिनं, तेल, तोफगोळे. त्या सगळ्यात त्यानं प्रश्न मात्र एकच बाळगला आणि उत्तर शोधताना जे समोर होतं ते वापरलं. मोठा हॉल नव्हता, मोठं यंत्र नव्हतं. खोलीला कोपरा होता.

आता तुमचा स्पीकर कोपऱ्यातून थोडा पुढे ओढा. एक वीत, मग दोन. कुठेतरी बास भरपूरही असेल आणि स्पष्टही. ती जागा सापडली की तिथे खडूनं खूण करून ठेवा.